ढाबळीची दुखणी : घशातला पिवळा थर, वाकडी मान आणि पावसाळी ओल

पाऊस ओसरून कौलं वाळली की ढाबळवाल्यांना बेळगावहून शर्यतीची कबुतरं सोडण्याचे वेध लागतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पोसलेली दुखणीही नेमकी याच दिवसांत वर येतात. त्यामुळे या वेळी फक्त शर्यतीच्या कबुतरांविषयीची पत्रं घेतली आहेत. औषधाचं प्रमाण दिलं आहे तिथे पूर्ण वाढीचं होमर (शर्यतीचं कबूतर) 400 ते 450 ग्रॅमचं धरलं आहे. तुमचं पाखरू हलकं असेल तर आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा आणि प्रमाण त्या मानाने कमी करा. प्रतिजैविकं पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच घ्यावीत. आम्ही आकडे देतो ते चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि का, हे तुम्हाला कळावं म्हणून.

प्रश्न : माझ्याकडे बावीस होमर आहेत. तीन आठवड्यांच्या दोन पिल्लांच्या घशात पिवळा, पनीरसारखा थर दिसला. आईबाप ठणठणीत आहेत. दुकानदाराच्या सांगण्यावरून माणसांच्या मेट्रोनिडाझोल 400 ची पाव गोळी रोज दिली. चौथ्या दिवसापासून एक पिल्लू झिंगल्यासारखं करतंय. थर चिमट्याने काढू का? — वाचक, म्हापसा

उत्तर : आधी गोळी थांबवा. पिल्लाचं झिंगणं बहुतेक गोळीमुळेच आहे. हिशेब असा : 400 ची पाव गोळी म्हणजे 100 मिलिग्रॅम. तीन आठवड्यांचं पिल्लू साधारण 300 ग्रॅमचं असतं. त्याला दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅम या प्रमाणाने दिवसाला 15 मिलिग्रॅम पुरतं. तुमच्या हातून सहापटीहून अधिक गेलं. हे औषध जास्त झालं की मेंदूवर परिणाम होतो, पाखराचा तोल जातो आणि मान डुलते. औषध बंद करून दोन दिवस साधं पाणी आणि हाताने मऊ दाणा दिलात तर बहुतेक पिल्लं सावरतात.

गोळी मोडून अंदाजाने देण्यापेक्षा मुलांचं पातळ औषध बरं. बाटलीवर '5 मिलीत 200 मिलिग्रॅम' असेल तर 1 मिलीत 40 मिलिग्रॅम झाले. 300 ग्रॅमच्या पिल्लाला त्यातलं जेमतेम 0.4 मिली आणि मोठ्या कबुतराला 0.5 मिली, दिवसातून एकदा, पाच दिवस. काही बाटल्या 5 मिलीत 100 मिलिग्रॅमच्या असतात. तिथे तेवढ्याच औषधासाठी मिली दुप्पट लागतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. सिरिंज 1 मिलीची घ्या आणि सुई काढून टाका. चोच उघडली की जिभेच्या मुळाशी मधोमध श्वासाची फट उघडझाप करताना दिसते. सिरिंजचं टोक उजव्या बाजूने त्या फटीच्या मागे न्या आणि मग हळूहळू सोडा. फटीत गेलेला थेंब फुप्फुसात जातो आणि त्याने पाखरू दगावू शकतं.

थर मुळीच खरवडू नका. त्याच्या खालची त्वचा सोललेली असते, रक्त येतं आणि जखम चिघळते. औषध लागू पडलं की थर तीन-चार दिवसांत आपोआप सुटतो. टाळ्यावर मोहरीहून बारीक, टणक, पांढरे ठिपके असतील आणि पाखरू नीट खात असेल तर ते लाळेचे खडे असतात. त्यांना औषध लागत नाही. त्यांनाच कँकर (घशात पिवळा थर आणणारा हाच आजार) समजून दर महिन्याला मेट्रोनिडाझोल पाजलं जातं, हे आम्हाला फार खुपतं.

आता आईबाप. कँकरचा जीव, ट्रायकोमोनास, मोठ्या कबुतरांच्या घशात मुकाट राहतो आणि पहिल्या घासापासून गळपिशवीतल्या दुधावाटे पिल्लांत उतरतो. म्हणजे निरोगी दिसणारे आईबापच वाहक आहेत. एकट्या पिल्लांना औषध देऊन भागत नाही, सगळ्या ढाबळीला एकाच वेळी द्यावं लागतं. गोळ्या पाण्यात विरघळवल्या तर कडवटपणामुळे पाखरं पाणीच टाळतात. त्यासाठी रोनिडाझोलची 10 टक्क्यांची पूड बरी : 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, पाच दिवस, रोज ताजं. त्या काळात आंघोळीचं पाणी ठेवू नका, नाहीतर पाखरं तेच पितात. आणि मात्रा 'थोडीशीच, प्रतिबंधाला म्हणून' देऊ नका. अर्ध्या मात्रेत वाचलेले जीवच पुढे औषधाला दाद देत नाहीत.

हा जीव कोरडेपणात टिकत नाही. पाण्याची भांडी दोन संच ठेवा. एक वापरात, दुसरा धुऊन उन्हात पालथा. देवळाच्या, बाजाराच्या आवारातले पारवे तुमच्या पाण्यावर उतरत असतील तर कितीही औषध दिलंत तरी कँकर परत येईल. पाणी जाळीच्या आतच ठेवा.

प्रश्न : चिऱ्याच्या जुन्या गोठ्यात ढाबळ आहे. पावसाळाभर शीट पातळ आणि हिरवट, पाखरं खाऊनही हलकी. दर महिन्याला ॲम्प्रोलियम देतो, सोबत ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्सही. फिनेलने रोज पुसतो. फरक नाही. — वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या तीन गोष्टी एकमेकींना मारतात.

ॲम्प्रोलियम हे जीवनसत्त्व बी-1 सारखं दिसणारं औषध आहे. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, ते बी-1 समजून उचलतात आणि उपाशी मरतात. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घातलंत तर त्यांना खरं बी-1 मिळतं आणि औषध वाया जातं. 20 टक्क्यांची विद्राव्य पूड असेल तर 1 लिटर पाण्यात 1.2 ग्रॅम, पाच ते सात दिवस, दुसरं काहीही न मिसळता. बी-कॉम्प्लेक्स त्यानंतर दोन दिवस. टोल्ट्राझुरिल 2.5 टक्के मिळालं तर 1 लिटरला 1 मिली, फक्त दोन दिवस. कबूतर दिवसाला 40 ते 50 मिली पाणी पितं, म्हणजे वीस पाखरांना लिटरभर पुरतं. उकाड्यात आणि पिल्लं भरवताना ते खूप जास्त पितात आणि तेवढंच औषध जास्त जातं. म्हणून औषधाचं पाणी सकाळी मोजून ठेवा आणि संध्याकाळी किती उरलं ते पाहा.

फिनेलने कॉक्सिडियाची अंडी मरत नाहीत. त्यांचं कवच टणक असतं. उकळतं पाणी, ब्लो-लँपची ज्योत किंवा सरळ कोरडेपणा, याच तीन गोष्टी घरी शक्य आहेत. शीटेतून पडलेलं ताजं अंडं लगेच लागण करत नाही. ऊब आणि ओल मिळाली तर ते एक-दोन दिवसांत पिकतं. म्हणजे रोज कोरडी शीट खरवडून काढलीत तर पिकायला वेळच मिळत नाही, आणि तुम्ही फिनेलचं ओलं फडकं फिरवून त्याला ती ओल पुरवत आहात.

खरा दोष जमिनीचा आहे. चिरा खालून ओल ओढतो, पावसात भिंतही घाम सोडते. पाखरं जमिनीपासून निदान दोन फूट वर, पोफळीच्या पट्ट्यांच्या तळावर ठेवा. पट्ट्यांमध्ये दीड-दोन सेंटिमीटर फट ठेवली की शीट खाली पडते आणि पाखरू तिच्यावर चालत नाही. खालच्या जमिनीवर कोरडा चुना भुरभुरा. दक्षिण-पश्चिमेकडून पाऊस मारतो तिकडे झडप हवी. उलट बाजू छताखाली हातभर उघडी असू द्या, गरम दमट हवा तिथून निघून जाते.

हे करूनही वजन चढलं नाही तर जंत पाहा. सकाळी शीटेचे आठ-दहा ठिकाणचे ताजे तुकडे एका स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत द्या. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया किती, गोल जंत की केसासारखे जंत, सगळं कळतं. मोठ्या गोल जंतांवर पिपेराझिन चालतं, केसासारख्या जंतांवर नाही. लेव्हामिसोल दोन्हींवर चालतं, पण पाखरं ओकतात, म्हणून ते रिकाम्या गळपिशवीवर द्यावं लागतं. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल शेळ्या-गुरांना चालतं म्हणून कबुतरांना देऊ नका. त्यांच्या अस्थिमज्जेला आणि आतड्याला ते झोंबतं, आणि पिसं गळण्याच्या दिवसांत दिलं तर नवं पीस खुरटं, वाकडं येतं. अशा पिसांचं पाखरू त्या मोसमात शर्यतीला उतरत नाही.

प्रश्न : पाच पाखरांच्या माना वाकड्या झाल्या. दाणा टिपायला जातात आणि चोच बाजूला पडते. कोणी म्हणतं मानमोडी, कोणी म्हणतं वारं गेलं. बी-12 ची इंजेक्शनं चालू आहेत. — वाचक, डिचोली

उत्तर : शीट पाहिलीत का? तिच्यावरून अर्धं निदान होतं. कबुतरांच्या मानमोडीत, म्हणजे पॅरामिक्सो विषाणूच्या आजारात, मूत्रपिंडं बिघडतात. पट्टीवर पाण्याचं स्वच्छ थारोळं दिसतं आणि मधोमध शेवेसारखी बारीक वळी पडलेली असते. जुलाबात असं होत नाही, तिथे सगळीच शीट फुटलेली असते. पाखरू भांडंच्या भांडं पाणी पितं. मान वाकडी होणं बहुधा त्यानंतर काही दिवसांनी येतं, म्हणून ती पहिली खूण समजू नका. एकदम पाच पाखरं आणि टिपताना चुकणारा नेम यावरून आम्ही आधी मानमोडीच धरू.

साल्मोनेला या जंतूनेही मान वाकडी होते. पण तिथे बहुधा एखाद-दुसरंच पाखरू असतं, पंखाच्या किंवा पायाच्या सांध्यावर गाठ येते, पंख लोंबतो, शीट हिरवी आणि दुर्गंधीची, आणि अंड्यात पिल्लं मरतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण साल्मोनेलावर एन्रोफ्लॉक्सासिन चालतं (10 टक्क्यांचं द्रावण 1 लिटरला 1 मिली, दहा दिवस, शीटेची तपासणी करूनच). विषाणूवर कुठलंच प्रतिजैविक चालत नाही. वाढत्या पिल्लांना एन्रोफ्लॉक्सासिन टाळा, सांध्यांची कूर्चा बिघडते. बी-12 ने अपाय होणार नाही, पण त्याने विषाणूही जाणार नाही.

उपाय म्हणजे पाखराला तगवून धरणं. आजारी पाखरं वेगळ्या पिंजऱ्यात, कमी उजेडात, शांत जागी. दचकलं की झटका वाढतो. दाणा पसरट ताटलीत देऊ नका. चार बोटं खोल वाडग्यात काठोकाठ भरा, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाण्यातच पडते. पाण्याचं भांडंही तसंच खोल. तरीही वजन उतरलं तर भिजवलेला वाटाणा किंवा आपले अळसांदे (गावठी चवळी) हाताने भरवा : चोच उघडायची, दाणा जिभेच्या मागे ठेवायचा, आणि गिळल्यावरच पुढचा. दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की पाखरू तगतं. सहा ते बारा आठवड्यांत बरीच सावरतात. काहींची मान ताणात पुन्हा वाकडी होते, ती शर्यतीतून काढा. मान सरळ झाली तरी पाखरू काही आठवडे शीटेतून विषाणू टाकत असतं, म्हणून निदान सहा आठवडे वेगळं ठेवा. आधी निरोगी ढाबळीचं काम, मग आजाऱ्यांचं, चपला वेगळ्या.

उरलेल्या निरोगी पाखरांना लस द्या. कबुतरांची खास लस नसेल तिथे पशुवैद्य कोंबड्यांची तेलातली मृत राणीखेत लस वापरतात. पाण्यातून द्यायची जिवंत लासोटा लस तिची जागा घेत नाही, कबुतरांत तिचं संरक्षण तोकडं पडतं. मात्रा बाटलीप्रमाणे वैद्य ठरवतील, बहुधा 0.2 ते 0.5 मिली. सुई मानेच्या मागच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात, कातडी चिमटीत धरून, शेपटीच्या दिशेला. डोक्याजवळ किंवा मांसात टोचलं तर गाठ येते आणि क्वचित पाखरू जागीच मरतं. बाटली 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका. गोठून तेल-पाणी वेगळं झालं तर ती फेकायची. टोचण्याआधी बाटली हातात धरून कोमट करा. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची असते आणि एका बाटलीत शंभराहून जास्त मात्रा असतात. त्यामुळे पंचक्रोशीतल्या चार-पाच ढाबळींनी मिळून एक दिवस ठरवावा, पण सुई प्रत्येक ढाबळीला नवी. पिल्लांना पाच-सहा आठवड्यांनी पहिली, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग दरवर्षी. पहिल्या शर्यतीच्या निदान तीन आठवडे आधी.

पाखरं लक्षणं न दाखवताच पटापट मरू लागली तर मेलेलं पाखरू उघडू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. ते बर्ड फ्लू नाही याची खात्री त्यांनीच करायची असते.

प्रश्न : पिल्लांच्या चोचीवर आणि डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड. घरच्यांनी हळद-तेल लावलं. खपल्या काढून टाकू का? — वाचक, काणकोण

उत्तर : ही देवी (पॉक्स). डास चावतो तिथेच उगवते, म्हणून पीस नसलेल्या जागी : चोचीची मुळं, पापण्या, पाय. तुमच्याकडे झाडी आणि साठलेलं पाणी, त्यामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबर सांभाळायचे. खपली काढू नका. तीन-चार आठवड्यांत ती आपण गळते. तिच्यात विषाणू भरलेला असतो, गळलेली वेचून जाळा. हळद-तेलाने नुकसान नाही, पण डोळ्याजवळ तेल नको. रोज पातळ पोव्हिडोन आयोडिन कापसाने टेकवा, डोळा मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. प्रतिजैविक फक्त पू झाला तर.

एक प्रकार घशात होतो. थर पिवळाच दिसतो आणि कँकर समजून मेट्रोनिडाझोल दिलं जातं. त्वचेवरही फोड असतील आणि घशातला थर घट्ट चिकटलेला असेल तर देवीचा विचार करा. असं पाखरू श्वास कोंडून जातं, त्याला भिजवलेला दाणा हाताने भरवा आणि वैद्याला दाखवा.

लस पायाच्या वरच्या भागातली सहा-सात पिसं उपटून त्या भोकांवर ब्रशने घासतात. सात ते दहा दिवसांनी जागा सुजून खपली धरली तरच लस 'लागली' समजायचं. त्यानंतर महिना-दीड महिना शर्यत नको, म्हणून ती आगाऊ आखायला हवी. कोंबड्यांच्या देवीची लस कबुतरांना पुरेसं संरक्षण देईल असं धरू नका. जाळीला आतून मच्छरदाणीचं कापड लावा. धुरी घालायचीच असेल तर ढाबळीबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आतला धूर फुप्फुसं खातो.

प्रश्न : पाण्यात माडाचं व्हिनेगर घालतात ते बरोबर का? आणि तिसऱ्यांची शिंपलं खडीसाठी (पाखरं दाण्यासोबत टिपतात ती) चालतील का? — वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही चालतात. व्हिनेगर 1 लिटरला 5 मिली, आठवड्यातून दोन दिवस, घरचं असेल तर गाळून. आंबट पाण्यात ट्रायकोमोनास आणि आतड्यातले वाईट जंतू कमी फोफावतात. आजार झाल्यावर त्याचा उपयोग नाही, आणि औषधाच्या पाण्यात ते मिसळू नये. भांडं मातीचं किंवा प्लॅस्टिकचं. जस्ताच्या पत्र्याचं असेल तर आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि पाखरांना विषबाधा होते.

तिसऱ्यांची शिंपलं उकळून, तीनदा गोड्या पाण्यात धुवा. खारं पाणी उरलं तर मीठ जास्त होतं. कडक उन्हात वाळवून ज्वारी ते मसुरीएवढी कुटा. चार भाग शिंपलं, दोन भाग भाजलेल्या मातीच्या विटेचा चुरा, एक भाग लाकडी कोळसा, आणि किलोमागे 20 ग्रॅम मीठ. पावसात खडी ओल धरते. थोडीच ठेवा, दर तीन दिवसांनी बदला.

प्रश्न : एका डोळ्यातून पाणी, रात्री घुरघुर, उडताना मागे पडतात. दर सोमवारपासून तीन दिवस प्रतिजैविक देतो. शिवाय सासऱ्यांना ढाबळ झाडल्यावर संध्याकाळी ताप आणि धाप लागते, दोन्हींचा संबंध आहे का? — वाचक, पेडणे

उत्तर : सासऱ्यांपासून सुरुवात करू. ढाबळ झाडल्यावर चार-आठ तासांनी ताप, हुडहुडी, धाप, आणि एक-दोन दिवसांत बरं : हे चित्र पिसांच्या आणि शीटेच्या धुळीच्या ॲलर्जीचं असतं. वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कायमचं घट्ट होतं. त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि 'घरी कबुतरं आहेत' हे पहिल्याच वाक्यात सांगा. तोवर झाडण्याचं काम दुसऱ्याने, एन-95 मास्क लावून करावं. दुसरी शक्यता क्लॅमिडिया या जंतूच्या आजाराची. तो कबुतरांकडून माणसाला होतो, आणि तुमच्या पाखरांची लक्षणंही त्याच्याशी जुळतात.

एकाच डोळ्यात पाणी, चोचीवरचं पांढरं करडं पडणं आणि रात्रीची घुरघुर ही क्लॅमिडिया किंवा मायकोप्लाझ्माची लक्षणं. यावर वैद्य बहुधा डॉक्सीसायक्लिन देतात : पाण्यातून 1 लिटरला 500 मिलिग्रॅम, सात ते दहा दिवस, आणि तपासणीत क्लॅमिडिया सिद्ध झाला तर त्याहून बराच लांब. आठवड्याला तीन दिवसांचे तुकडे हेच तुमचं दुखणं आहे. जंतू दबतात, मरत नाहीत. कोर्स चालू असताना शिंपल्यांची खडी पूर्ण काढा. कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतं आणि ते आतड्यातून रक्तात जातच नाही. औषध बरोबर असूनही गुण न येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पाणी सावलीत ठेवून दिवसातून दोनदा बदला. कोर्स संपला की खडी पुन्हा सुरू.

पहाटे ढाबळीत शिरल्यावर नाकाला अमोनियाचा झणका लागतो का ते पाहा. लागत असेल तर औषधाआधी पाखरांची संख्या कमी करा. घरट्यात भाताचा ओलसर पेंढा असेल तर तोही काढा, त्यावरची बुरशी थेट फुप्फुसात जाते. त्याऐवजी माडाचे हीर बोटभर लांबीचे तोडून द्या. पाखरं ते आवडीने रचतात आणि ते ओल धरत नाहीत.

प्रश्न : पिसांत चपट्या, तिरप्या पळणाऱ्या माश्या. त्या चावतात. यांनी काय होतं? — वाचक, सांगे

उत्तर : ही कबूतरमाशी. ती रक्त पिते आणि हिमोप्रोटियस नावाचा हिवतापासारखा परजीवी पसरवते. पाखरू घरी धडधाकट दिसतं, लांब पल्ल्यावर मात्र दमतं. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून तपासला की दिसतो. औषधाने तो पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून माशीच मारायची. तिचे कोश घरट्याच्या तळाच्या भुशात, काळ्या चकचकीत बियांसारखे पडलेले असतात. त्यातून माशी निघायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून घरट्याचा भुसा दर पंधरा दिवसांनी काढून जाळायचा, एकदाही न चुकता. पाखरांवर पक्ष्यांसाठी बनवलेली पर्मेथ्रिनचीच पूड वापरा. कुत्र्यांचं गोचिडांचं औषध लावू नका.

प्रश्न : बेळगावहून सोडलेलं कबूतर दुपारी दमून आलं. भरपूर वाटाणा घातला, रात्री ओकलं. दुसऱ्याच्या छातीला तार लागली आहे, पाणी प्यालं की छातीतून गळतं. — वाचक, साखळी

उत्तर : पहिल्याच्या बाबतीत चूक वाटाण्याची. बेळगाव ते पणजी सरळ रेषेत 80 किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट उतरल्यावर दमट उकाड्यात पाखरू बरंच पाणी गमावतं. शुष्क गळपिशवीत वाटाणा आतलं उरलंसुरलं पाणी शोषून फुगतो, पुढे सरकत नाही आणि आंबतो. आल्याबरोबर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवलेलं ओआरएस द्या. अर्ध्या तासाने मूठभर हलका दाणा : तांदूळ, ज्वारी, थोडी करडई. गळपिशवी अर्धीच भरू द्या. डाळवर्गी दाणा दुसऱ्या दिवशी सकाळी. छातीच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, किंवा शीट लहान, गडद हिरवी असेल, तर ओआरएस आणखी एक दिवस चालू ठेवा.

दुसऱ्याची गळपिशवी फाटली आहे. ही जखम आपोआप भरत नाही, आत आणि बाहेर असे दोन वेगळे टाके लागतात. आजच वैद्याकडे न्या. तोवर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम, मीठ घालून जखम धुवा. भोवतीची पिसं उपटू नका, कात्रीने कापा. ओल्या स्वच्छ कापडाने झाका. पाणी आणि दाणा पूर्ण बंद. दुखण्यावर घरातलं डायक्लोफिनॅक देऊ नका. ते पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला मारक आहे, गिधाडं त्याने मेली म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. वैद्य मेलॉक्सिकॅम देतील. टाक्यांनंतर तीन-चार दिवस भिजवलेला मऊ दाणा, दिवसातून चार वेळा थोडा थोडा, आणि दर वेळी छातीवरचं पीस बाजूला करून पाहा. टाक्याजवळ ओल दिसली तर त्याच दिवशी पुन्हा दाखवा.